गवर लाजली

डॉ. रेवती शिगवण हिने आयुष्यातली सहा वर्षं एका झाडाला लाजायला शिकवण्यात घालवली होती. झाड होतं तेरड्याचं. कोकणात पावसाळ्यात जिथे नजर टाकाल तिथे उगवणारं, फुकटचं, दोन महिन्यांत फुलून मोकळं होणारं. असल्या झाडाच्या शिक्षणावर संरक्षण खात्याने कोट्यवधी रुपये ओतले होते, आणि आज त्या पैशाचा जाब द्यायचा दिवस उजाडला होता.

वेळशेत गावाच्या डोंगरावर, झऱ्याभोवती काटेरी तारांचं कुंपण घालून हा तेरडा लावलेला होता. खाडीपलीकडे नौदलाचा तळ, म्हणून ही जागा. कागदोपत्री नाव 'वनस्पती-प्रहरी केंद्र'. गावात त्याला सगळे सरकारी मळा म्हणत, आणि सरकार तेरडा लावतं म्हणून येता-जाता हसत.

हसण्यासारखं मात्र त्यात काही नव्हतं. माणसाचा हात हलतो तेव्हा नस स्नायूला एका रसायनाच्या हाती निरोप धाडते : आवळ. निरोप पोचला की एक विकर, म्हणजे एन्झाइम, येऊन तो पुसून टाकतं, म्हणून स्नायू पुन्हा सैल पडतो. युद्धात वापरतात तो मज्जाविषाचा वायू नेमका या विकरालाच जखडून ठेवतो. मग निरोप पुसलाच जात नाही. स्नायू आवळलेले ते आवळलेलेच राहतात, हाताचे, पोटाचे आणि शेवटी छातीचे. या वायूंना बहुधा ना रंग असतो ना वास. तो ओळखणारी यंत्रं बाजारात मिळतात, पण ती महाग, कोकणच्या दमट हवेत गंजणारी, आणि एका वेळी एकाच जागी उभी राहणारी.

रेवतीने तेच विकर थोडं बदलून तेरड्याच्या पानात बसवलं. हवेतला विषाचा रेणू पानाला चिकटला की पानाच्या पेशींत आधीच भरून ठेवलेल्या रंगाच्या बारीक पिशव्या फुटत आणि काही मिनिटांत पान गर्द जांभळं होई. वीज नको, माणूस नको. शत्रूला ओळखू येऊ नये म्हणून हा तेरडा हुबेहूब रानातल्यासारखाच दिसला पाहिजे, अशी खात्याची अट होती. तीही तिने पाळली होती. फक्त एक खोट राहिली होती. शेतातली काही कीटकनाशकं या विषवायूंची चुलत भावंडं असतात, आणि तेरडा भावाभावांत फरक करत नसे. 'खोटा इशारा देण्याची शक्यता' असं दोन समित्यांनी लिहून ठेवलं होतं.

पण खरी अडचण निराळीच होती. सहा वर्षांत कुणी हल्लाच केला नव्हता. ही आनंदाची गोष्ट खरी, पण न झालेल्या हल्ल्यापासून आपण वाचलो हे सिद्ध कसं करायचं? आता दिल्लीच्या नव्या समितीने एक तपासनीस धाडला होता. त्याच्यासमोर एकदा चाचणी व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी निकाल. झाड लाजलं तर केंद्र राहणार. नाही लाजलं तर केंद्राला कुलूप आणि रेवतीची बदली हैदराबादला.

रेवतीचं लग्न होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. ती सोलापूरची. खाडीवर फेरीबोट चालवणाऱ्या साहिल शिगवणच्या बोटीतून ये-जा करता करता ती वेळशेतची सून झाली होती. "हैदराबाद तर हैदराबाद," साहिल म्हणाला होता. "हुसेनसागरात होडी चालवीन. भाडं तेलुगूत मागीन." मग तो मोठ्याने हसला आणि कारण नसताना तासभर बोटीचं इंजिन पुसत बसला. रेवती ते खिडकीतून बघत होती. तिला हे घर सोडायचं नव्हतं. समुद्राशिवाय साहिल म्हणजे काय, याची कल्पनाही तिला करवत नव्हती.

तपासनिसांचं नाव प्रमोद गावंडे. यवतमाळकडचे, पन्नाशी ओलांडलेले, उंच, जरा पोक काढून चालणारे. त्यांच्या हातात सीलबंद बाटली होती आणि चेहऱ्यावर नाराजी.

"मॅडम, आज आमच्या घरी महालक्ष्म्यांचं जेवण आहे," ते मळ्याच्या फाटकातून आत येत म्हणाले. "सोळा भाज्या, पुरण, आंबील. अन् मी इथं तेरडा तपासून राहिलो. दिल्लीवाल्यांना कॅलेंडर दिसत नाही काय?"

"आमच्याकडेही आज गौरीपूजन आहे," रेवती म्हणाली. "माझं सासरचं पहिलंच. इतकी वर्षं गणपतीत मी रजा घेऊन सोलापूरला जायचे."

"मग आटपू लवकर."

बाटलीत नकली विष होतं. रेणूचा आकार हुबेहूब खऱ्यासारखा, पण गुण निरुपद्रवी. दिसायला चोर, स्वभावाने साधू. फसवाफसवी नको म्हणून फवारा स्वतःच मारायचा, असा गावंड्यांचा शिरस्ता होता. झाडं रात्रीच्या पावसाने किंचित वाकलेली दिसत होती. रेवतीने ते पाहिलं आणि सोडून दिलं. गावंड्यांनी नळी उचलली, खटका दाबला, आणि नेमका त्याच क्षणी खाडीवरचा वारा फिरला. अर्धा फवारा तेरड्यावर गेला, अर्धा गावंड्यांच्या पांढऱ्या शर्टावर.

"घ्या," ते शर्ट झटकत म्हणाले. "आधी मीच जांभळा होतो बहुतेक."

दोघं थांबली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तेरडा हिरवाच. गावंड्यांनी पुन्हा फवारलं. तेरडा वाऱ्यावर मजेत डोलत होता. रेवतीने एक पान तोडलं, चोळलं, उजेडात धरलं. प्रयोगशाळेत शंभरदा जांभळं झालेलं हे पान आज दगडासारखं गप्प होतं.

"एकच चाचणी, एकच निकाल. नियम आहे, जी," गावंडे म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट वाईट वाटल्यासारखंच होतं. "तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. तुमचा तर तेवढाही टिकला नाही. मले तसंच लिहावं लागेल."

त्यांना लगेच परत जायचं होतं, पण ओहोटी लागली होती आणि फेरीबोट चिखलात टेकली होती. पाणी चढेपर्यंत सुटका नाही, असं साहिलने खाली धक्क्यावर सांगितलं. वर हेही सांगितलं की सणाच्या दिवशी गावात आलेला माणूस जेवल्याशिवाय गेला तर आई मला घरात घेणार नाही. गावंड्यांनी आढेवेढे घेतले, पण वाऱ्यावर वड्यांचा वास होता आणि सकाळपासून पोटात फक्त चहा होता.

रेवती घरी आली ती थेट न्हाणीत गेली. डोक्यावरून पाणी घेताना ती रडली, म्हणजे कुणाला कळायला नको. मग तिने नवी साडी नेसली आणि बाहेर आली. आज तिचा ओवसा होता. गौरी पूर्वा नक्षत्रात येतील त्या वर्षी नव्या सुनेने फळं-पानं भरलेलं सूप गौरीसमोर ओवाळायचं, असा इथला रिवाज. कित्येक सुनांना त्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. रेवतीला पहिल्याच वर्षी योग आला होता. सासूबाई, म्हणजे सुलोचनाबाई शिगवण, महिनाभर हेच सगळ्यांना सांगत होत्या.

"तोंड का सुकला गो?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. ऊन लागलं."

"आज ऊन कुठला? ढग हायत." पण त्यांनी पुढे खोदलं नाही. सूप हातात दिलं आणि पदर सारखा केला.

माजघरात गौर उभी होती. हिरवी साडी, चांदीचा मुखवटा, नथ, गजरा. मुखवट्याच्या मागून पानांचा एक झुबका डोकावत होता. काल संध्याकाळी रेवती खाडीपलीकडच्या प्रयोगशाळेतून परतली तेव्हा गौर अशीच नटून तयार होती, आणि आत काय आहे हे तिने विचारलं नव्हतं. सोलापूरला माहेरी पितळी मुखवटे कोठीवर बसवत. आत कोठीच असते, असं ती धरून चालली होती. झाडांच्या शास्त्रात डॉक्टरकी मिळवलेल्या बाईला सासरची गौर म्हणजे एक झाड आहे हे माहीत नसावं, याला काय म्हणायचं!

शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. गावंडे ओटीवर अवघडून बसले होते. "या, सायेब, आदी गवरीच्या पाया पडा, मंग पान वाढते," सासूबाईंनी हाक मारली. गावंडे चपला काढून आत आले. घरच्या महालक्ष्म्या आठवल्या असाव्यात. त्यांनी डोळे मिटले आणि गौरीसमोर अगदी खाली वाकले. त्यांच्या शर्टाची बाही पानांना घासून गेली.

रेवती बाजूलाच सूप घेऊन उभी होती. सासूबाई तिला सूप कसं फिरवायचं ते खुणेने सांगत होत्या. तेवढ्यात पुढे बसलेल्या एका पोरीने बोट दाखवलं.

मुखवट्यामागची पानं कडांपासून रंगत चालली होती. आधी पुसट गुलाबी, मग वांगी, मग गर्द जांभळी. बघता बघता गौरीच्या माथ्यावरचा सगळा झुबका रंगला.

"गवर लाजली!" कुणीतरी किंचाळलं. "अगो बायांनो, गवर लाजली!"

एकच कल्लोळ उडाला. कुणी हात जोडले, कुणी हसता हसता खाली बसली. "पावन्याला बगून लाजली," एक म्हातारी म्हणाली, आणि गावंडे कानापर्यंत लाल झाले. रेवतीच्या हातातलं सूप मात्र जागच्या जागी थांबलं होतं. जगात असं लाजणारं झाड एकच होतं, आणि ते तिने केलं होतं. म्हणजे झाड चुकलं नव्हतं! तिला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं.

आणि लगेच दुसरा विचार आला. तेरडा इथे, तर मळ्यात सकाळी काय उभं होतं? कुणी आणला हा कुंपणाच्या आतून? तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्या कौतुकाने गौरीकडे बघत होत्या.

"मॅडम," गावंडे हळूच म्हणाले. त्यांनी सकाळी फवारा उडालेल्या बाहीकडे पाहिलं, मग पानांकडे. माणूस भोळा नव्हता. "हे झाड कुठलं आहे?"

संरक्षित जागेतून सरकारी झाड उपटणं हा गुन्हा होता. साधासुधा नव्हे, संरक्षण खात्याचा. रेवतीला ते शब्दशः ठाऊक होतं, कारण फाटकावरची पाटी तिनेच लावून घेतली होती. खरं सांगितलं तर केंद्र वाचण्याची आशा होती, पण सासूबाई आणि गावच्या सगळ्या बायका अडकणार. ती क्षणभरच थांबली.

"रानातलं," ती म्हणाली. "आईंनी पानांना रंग लावलाय. सणासाठी."

तिचा आवाज स्वतःलाच परका वाटला. केंद्र गेलं, हैदराबाद आलं, हे तिला त्या एका वाक्यात कळत होतं. तरी ती मागे हटली नाही.

सासूबाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. सून खोटं का बोलते हे त्यांना आधी उमगेना. मग उमगलं. त्यांनी हातातलं निरांजन खाली ठेवलं.

"रंग बिंग काय नाय, सायेब. ह्यो तुमच्या मळ्यातला तेरडा हाय. मी आणला. समद्यांच्या घरचा मीच आणला."

"आई!"

"गप ऱ्हव तू. माज्यापायी खोटा कशाला बोलतंस?" त्या गावंड्यांसमोर उभ्या राहिल्या. डोकं त्यांच्या छातीपाशी येत होतं, पण आवाज वरचा होता. "त्या झऱ्यावरची गवर आमच्या आजेसासवांपास्नं येते. तुमी तार घातली, आमी सा वर्सं वड्याकाठची आणली, काय बोललो नाय. पन आवंदा माज्या सुनंचा पयला ओवसा. झऱ्यावरचीच गवर पायजे व्हती. पहाऱ्यावरच्या सुर्व्याला म्हटला, म्याडमच्या घरची गवर हाय, उघड. हिला कायेक ठाव नाय. मीच समद्यांना सांगितला, हिच्या कानावर घालू नका, सरकारी मानूस, हिच्या मानेला फास नको."

"पण मळा तर भरलेला होता," गावंडे म्हणाले.

"मंग? गवर न्यायची आनि जागा उघडी ठेवायची? एक उपटला की त्या जागी दुसरा लावायचा, ही रीत हाय. वड्यावरचा तेरडा नेऊन लावला आमी. पाऊसपन देवाने दिला वरून."

रेवतीला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी होतं आणि हसू येत होतं. सकाळी त्यांनी ओढ्याकाठच्या साध्यासुध्या तेरड्यावर नकली विष फवारलं होतं, आणि तो बिचारा प्रामाणिकपणे हिरवा राहिला होता. पाळतीचे कॅमेरे होते, पण ते पानांचा रंग बघत. बायकांच्या दिंडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"किती घरांत नेला?" गावंड्यांनी विचारलं.

"गावात जितकी घरं तितकी. पाच-पाच झाडांची जुडी. पुरला नाय. तीन घरांना वड्यावरच्यावर भागवावा लागला."

हे ऐकलं मात्र, आणि रेवतीच्या डोक्यात दिवा लागला. "आई, थांबा! कोणती तीन ते सांगू नका. कुणीच सांगू नका." ती गावंड्यांकडे वळली. "साहेब, शर्ट झटकू नका. तुम्ही माझ्याबरोबर घरोघर चला. कुठे खरा तेरडा आहे आणि कुठे साधा, तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. तीन घरांत गौर लाजता कामा नये. एवढी चोख चाचणी मला प्रयोगशाळेतसुद्धा करता आली नसती."

गावंड्यांचा पोक काढलेला पाठीचा कणा हळूहळू सरळ झाला. "नियमात एकच चाचणी आहे," ते म्हणाले. "पण सकाळी आपण तुमच्या झाडाची चाचणी घेतलीच कुठं? ती तर ओढ्याच्या झाडाची झाली. चला, बाप्पा!"

मग वेळशेत गावाने कधी पाहिली नव्हती अशी वरात निघाली. पुढे गावंडे, जांभळ्या गौरीचे मानकरी. मागे रेवती आणि साहिल. त्यांच्या मागे अख्खी वाडी. सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला होता, कारण ती तीन घरं जिभेच्या टोकावर होती आणि न बोलणं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच जमवायचं होतं. प्रत्येक घरात गावंडे वाकत, बाही पानांवरून फिरवत, आणि सगळे श्वास रोखून उभे राहत. लाजली की टाळ्या पडत. एका घरी नव्या नवरीने हळूच विचारलं, "सायेब, तुमी रोज असेच लाजवता का?" गावंड्यांनी हात जोडले.

खालच्या वाडीत दोन घरांत गौर हिरवीच राहिली. तिसरं निघालं ते पहारेकरी सुर्व्याचं. कुंपण उघडून देणाऱ्याच्याच वाट्याला साधा तेरडा आला होता. सासूबाईंनी तोंडातला पदर काढला. "हीच! हीच तीन!" त्या ओरडल्या, आणि रेवतीने सगळ्यांदेखत त्यांना मिठी मारली.

एकच घर राहिलं होतं, भिकाजी गोताडांचं. तिथे अंगणात पाय ठेवतानाच रेवती थबकली. पडवीत बसवलेली गौर आधीच जांभळी होती. गावंडे अजून पायरीवरसुद्धा चढले नव्हते.

"ही कालपासनंच अशी हाय," घरची सून अभिमानाने म्हणाली. "आमची सगळ्यांत आदी लाजली."

"सगळे मागे व्हा," रेवती म्हणाली.

गौरीशेजारच्या खाटेवर भिकाजीआजोबा पहुडले होते. महिनाभर त्यांचं डोकं दुखत होतं, डोळ्यांना पाणी, तोंडाला लाळ, दिसायला अंधुक. "डाक्टर म्हनला, वय झाला," ते म्हणाले. रेवतीने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. साहिलने खाटेखाली वाकून पाहिलं आणि कलमांवर फवारायच्या औषधाचा एक जुना कॅन बाहेर ओढला. बुडाशी तडा होता, खालची जमीन ओली होती.

आजोबांना उचलून आधी अंगणात आणलं, कपडे बदलले, मग साहिलच्या मोटरसायकलवर आरोग्य उपकेंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरने कॅनवरचं नाव वाचून उतारा टोचला. संध्याकाळपर्यंत आजोबांना समोरची भिंत स्पष्ट दिसू लागली, आणि आज मटणाची सागोती होती ती माझ्यावाचून संपली, म्हणून ते सगळ्यांवर रागावले.

आजोबांना नेलं तेव्हा गावंडे मात्र गोताडांच्याच अंगणातल्या दगडावर बसले होते.

"माझा मोठा भाऊ कापसावर फवारणी करायला गेला अन् बांधावर पडला. वाचला, पण नजर अधू झाली ती झालीच. वारा कुठून येऊन राहिला, हवेत किती औषध आहे, हे सांगणारं कोणीच नव्हतं तिथं." त्यांनी जांभळ्या गौरीकडे पाहिलं. "मॅडम, तुमच्या झाडाला कीटकनाशकं कळतात, हीच ती खोट ना? दोन समित्यांनी लिहिलेली?"

"हो. ती काढून टाकायला मी दोन वर्षं झटतेय."

"काढू नका. पाया पडतो तुमच्या, काढू नका."

मग ते जेवले. महालक्ष्मीच्या दिवशी मटण म्हटल्यावर त्यांनी आधी पान मागे सारलं, पण सासूबाई म्हणाल्या, "आमची गवर तिखटाची हाय, तिला चालता, तुमाला का नाय?" गावंड्यांनी पान पुन्हा पुढे ओढलं. वडे-सागोती खाताना त्यांच्या नाकातून पाणी येत होतं, आणि ते का येत होतं हे कुणी विचारलं नाही. रेवतीचा अर्धा राहिलेला ओवसाही त्यानंतर पुरा झाला.

गावंडे रात्री वेळशेतातच राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात दिल्लीची समिती पडद्यावर आली. अध्यक्षबाई कडक होत्या आणि हिंदीतून बोलत. गावंड्यांनी काही लपवलं नाही. सकाळची फसलेली चाचणी सांगितली, घरोघरची सांगितली, गोताडांची पडवी सांगितली. "आपण प्रहरी डोंगरावर ठेवला होता, जिथं कोणी राहत नाही," ते म्हणाले. "तो माणसांच्या घरात गेला अन् पहिल्याच दिवशी त्यानं माणूस वाचवला. निम्म्याहून जास्त खर्च तारांवर अन् पहाऱ्यावर आहे, झाडांवर नाही. ही झाडं घरोघर द्या. शेताच्या बांधावर द्या. हल्ला झाला तरी तीच आधी सांगतील, अन् नाही झाला तरी पैसा वाया जाणार नाही."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "हे सगळं ठीक. पण संरक्षित जागेतली झाडं बाहेर नेली कुणी?"

गावंड्यांनी घसा खाकरला. ते काही बोलायच्या आत दाराशी उभ्या असलेल्या सासूबाई पुढे आल्या आणि कॅमेऱ्यात अगदी नाक घालून म्हणाल्या, "मी. सुलोचना शिगवण. नाव लिवा."

"या काय म्हणतायत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

गावंड्यांना खोटं लिहायचं नव्हतं, आणि लिहिण्याची गरजही नव्हती. "मॅडम, त्या म्हणतात की ग्रामस्थांच्या सहभागाने क्षेत्र-चाचणी झाली. नियोजन श्रीमती सुलोचना शिगवण यांचं. कोणत्या घरात साधं झाड आहे, हे तपासणाऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं."

अध्यक्षबाईंच्या भुवया वर गेल्या. "उत्तम आखणी. आणि खर्च?"

"एक वेळचं जेवण. तेही मीच जेवलो."

पडद्यावरची माणसं आपसांत कुजबुजली. रेवतीला साहिलचा हात पाठीवर जाणवला. तो कधी आत आला तिला कळलंच नव्हतं. मग अध्यक्षबाईंनी निकाल सांगितला. केंद्र सुरू राहील. पुढच्या हंगामात तेरड्याची रोपं खाडीकाठच्या घरांत जातील, आणि कापसाच्या काही गावांत बांधावर लावून पाहावीत. रोपं वेळशेतातच वाढवायची, डॉ. शिगवण यांच्या देखरेखीखाली.

पडदा काळा झाला. साहिलने एवढ्या जोराने शिट्टी मारली की बाहेर सुर्वे दचकून उभा राहिला. रेवती टेबलावर डोकं ठेवून हसत होती, रडत होती, आणि या वेळी कुणापासून लपवायची गरज नव्हती.

"काय म्हनली गो ती बाय?" सासूबाईंनी तिचा खांदा हलवला. "नीट सांग."

"केंद्र राहणार, आई. मी इथेच राहणार."

सासूबाईंनी सुनेच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग त्यांनी नाक ओढलं. "आनि माजा काय? पोलिस येतात काय?"

"तुमचं नाव दिल्लीत लिहून घेतलंय. चाचणी फार आवडली त्यांना. पुढल्या वर्षीही तुम्हीच करायची म्हणतात."

सासूबाईंनी पदर खोचला आणि सामान आवरणाऱ्या गावंड्यांकडे मान वळवून आपादमस्तक पाहून घेतलं.

"करीन की," त्या म्हणाल्या. "पन मानूस ह्योच धाडा म्हणावं. दुसऱ्या कुनाला बगून आमची गवर लाजायची नाय."